एच.ए. कंपनीचं दुसरं औषध

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माणसाला 'एच.ए.' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एच.ए. कंपनी, एच.ए. कॉलनी, एच.ए. शाळा, आणि जानेवारी २०१६ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं होतं ते एच.ए.चं मैदान. पण नोकरीसाठी हिंजवडीला आलेल्या आणि वाकड-पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतलेल्या माझ्या टीममधल्या मंडळींना विचारलं, तर निम्म्यांना एच.ए. म्हणजे विमानं बनवणारी एचएएल वाटते! असो. ही हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत काढलेली कंपनी. या कारखान्यासाठी धडपडलेल्या लोकांत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे माजी संचालक साहिब सिंग सोखी होते. टेल्को, बजाज, एमआयडीसी, सगळं नंतरचं. आपल्या या औद्योगिक पट्ट्याची सुरुवात इंजिनाने किंवा स्कूटरने झाली नाही, बुरशीने झाली. मला ही गोष्ट उगाचच फार आवडते.

ती बुरशी पेनिसिलिनची. तिची गोष्ट सगळ्यांना शाळेत कळते. मला आज लिहायचंय ते इथल्या दुसऱ्या औषधाबद्दल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या तंत्रज्ञानाने पिंपरीत त्याचं उत्पादन सुरू झालं. स्ट्रेप्टोमायसिन. डाळिंबवाल्या शेतकऱ्यांना हे नाव जरा वेगळ्या रूपात माहीत असेल. तेल्या रोगावर वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं 'स्ट्रेप्टोसायक्लिन' याच घरातलं. पण मूळ औषध माणसांसाठी होतं, क्षयासाठी.

मी या औषधापर्यंत फुप्फुसाच्या वाटेने नाही, कानाच्या वाटेने पोचलो. मला गेली काही वर्षं मेनिएरचा आजार आहे. आतल्या कानातला द्रव वाढतो, तिथले नाजूक पडदे फुगतात, कान भरल्यासारखा होतो, आत समुद्रासारखा आवाज सुरू होतो आणि मग खोली फिरायला लागते. वीस मिनिटं, कधी तीन-चार तास. ओकाऱ्या होतात. थांबल्यावर माणूस ओल्या फडक्यासारखा पडतो. पुढचा झटका कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, आणि खरा त्रास तोच. मीठ कमी करून, गोळ्या घेऊन झाल्यावर माझ्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्यातून जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याचा पर्याय सांगितला. हे औषध कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मारून टाकतं, आणि तेच हवं असतं, असं ते शांतपणे म्हणाले. म्हणजे बिघडलेली वस्तू दुरुस्त न करता मोडून टाकायची! हे कोणाच्या डोक्यातून निघालं म्हणून शोधत मागे गेलो, तर थेट क्षयाच्या वॉर्डात पोचलो.

ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्सला अल्बर्ट शॅट्झ नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. १९५२ चं नोबेल मात्र त्याचे गुरू सेल्मन वॅक्समन यांना एकट्यांना मिळालं. (त्याआधी या दोघांत कोर्टबाजीही झाली. गाइड आणि पीएचडीचा विद्यार्थी यांचं नातं जगभर सारखंच असावं.) मेयो क्लिनिकच्या हिनशॉ आणि फेल्डमन यांनी आधी गिनिपिगवर आणि मग माणसांवर ते वापरून पाहिलं. क्षयाचे जंतू पहिल्यांदाच एखाद्या औषधाने मरत होते. आणि त्याच सुरुवातीच्या रोग्यांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. माणसं बरी होऊन उठत होती, आणि उठली की झोकांड्या खात होती.

ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये याची जी चाचणी झाली, ती आज वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मैलाचा दगड मानतात. औषध फार थोडं होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतं, म्हणून कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ५५ जणांना इंजेक्शनं आणि ५२ जणांना नुसती अंथरुणातली विश्रांती, म्हणजे तेव्हाचा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी इंजेक्शनवाल्यांतले ४ दगावले होते, विश्रांतीवाल्यांतले १४. १९४८ साली अहवाल आला तेव्हा जगाने हे आकडे वाचले. त्याच अहवालात जरा खाली लिहिलंय की त्या ५५ पैकी ३६ जणांना चक्कर येऊ लागली, बहुतेकांना चौथ्या-पाचव्या आठवड्यात. कोणाची आठवड्यात थांबली, कोणाची काही महिने टिकली.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. जीव हवा की तोल? असं कोणी विचारलंच नसणार, आणि विचारलं असतं तरी उत्तर एकच आलं असतं.

आता कानात नेमकं होतं काय? आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, आणि दोन छोट्या पिशव्या. मोबाइलमधला जायरोस्कोप आणि अॅक्सिलरोमीटर म्हणा हवं तर. डोकं हललं की आतला द्रव मागे राहतो, केसासारखे तंतू असलेल्या पेशी वाकतात, आणि मेंदूला निरोप जातो. त्या निरोपावरून साधारण शंभराव्या भागाच्या सेकंदात डोळे उलट्या दिशेला फिरतात, म्हणून चालताना तुम्हाला दुकानाची पाटी स्थिर दिसते. कॅमेऱ्यातलं इमेज स्टॅबिलायझेशन तेच, फक्त आपलं कित्येक कोटी वर्षं जुनं. स्ट्रेप्टोमायसिन या पेशींच्या आत शिरतं, आणि ते ज्या दारातून शिरतं ते दार म्हणजे हालचाल ओळखायला उघडणाऱ्या वाटाच. पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा पुरेशा उगवत नाहीत.

यातली खोच अशी की दोन्ही कानांतल्या पेशी सारख्याच मेल्या, तर सुरुवातीचा त्रास ओसरल्यावर गरगरत नाही. गरगरायला दोन कानांत मतभेद लागतो. दोन्ही गप्प असतील तर भांडण नाही, पण माहितीही नाही. मग काय होतं हे एका अमेरिकन डॉक्टरने स्वतः लिहून ठेवलंय. त्याला क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन दिलं होतं. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९५२ साली त्याने 'जे. सी.' एवढ्याच आद्याक्षरांनी अनुभव छापला. अंथरुणात पडून वाचायचं तर अक्षरं नाचायची, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोकं जे किंचित हलतं तेवढं हलणंही डोळ्यांना आता सावरता येत नव्हतं. त्याने पलंगाच्या उशाकडच्या दोन लोखंडी गजांमध्ये डोकं घट्ट अडकवून वाचायला सुरुवात केली. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पुढे तो सावरला. चालताना चेहरे ओळखू येत नसत, म्हणून ओळख पटवायला थांबायचं. अंधारात पायाखालची जमीन आणि भिंत यांचाच आधार. हे औषधाच्या आधीही माहीत होतं. १९४१ मध्ये वॉल्टर डँडी या सर्जनने मेनिएरच्या ज्या रोग्यांच्या दोन्ही बाजूंच्या तोलाच्या नसा कापल्या होत्या, त्यांच्याबद्दल हेच लिहिलं होतं. उजेडात ठीक, अंधारात लटपट, चालताना जग हलतं. माणसाचा तोल तीन पायांच्या स्टुलावर असतो: कान, डोळे, आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव. एक पाय गेला की उरलेल्या दोघांवर भार. म्हणून तोंडाला साबण लावून डोळे मिटले की अशी माणसं बेसिनवरच कलतात.

शास्त्रज्ञांनी रेणूत थोडा बदल करून पाहिला. डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन. तोल बराचसा वाचला, पण ऐकू येणं गेलं, आणि तेही कधीकधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनी. तो पर्याय सोडून द्यावा लागला. मग जुन्याच औषधाचा डोस कमी करणं, सोबत इतर गोळ्या देणं, असा मार्ग निघाला.

आपल्याकडे हे औषध आलं ते वेगळ्याच परिस्थितीत. मद्रासच्या प्रसिद्ध अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिलं की क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी राहूनही औषधांनी बरं करता येतं. (त्या अभ्यासात गोळ्याच होत्या, इंजेक्शन नव्हतं.) १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर. पाचगणी-मिरजची हवा परवडणारे थोडे, चाळीतल्या खोलीत राहून दवाखान्यात जाणारे असंख्य. देशातच तयार होणारं औषध त्यांना परवडेल हा पिंपरीच्या कारखान्याचा उद्देश, आणि तो थोर होता याबद्दल मला शंका नाही. पण सॅनेटोरियममधल्या रोग्याची झोकांडी नर्सला दिसते. चाळीतल्या रोग्याची फक्त घरच्यांना दिसते. तो रात्री नळकोंडाळ्यावर घसरला तर "अशक्तपणा आहे अजून" असंच म्हटलं जाणार. क्षयातून उठलेला माणूस कशामुळे धडपडतोय याची कारणं ढीगभर, आणि 'माझा कान गेला' असं तर त्याला स्वतःलाही वाटत नाही, कारण ऐकू व्यवस्थित येत असतं. तोलाला आपल्या भाषेत इंद्रियाचा दर्जाच नाही. पंचेंद्रियांच्या यादीत तो नाही. जे इंद्रिय आहे हेच माहीत नाही, ते गेल्याची तक्रार माणूस करणार कशी?

आणि हा फार जुना काळही नाही. क्षय उलटलेल्या रोग्यांना आठवड्यातून तीन, दोन महिन्यांत चोवीस, अशी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सरकारी कार्यक्रमात परवापरवापर्यंत होती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नका म्हटलं, आणि मग आपल्याकडूनही ती गेली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं कॅनामायसिन याच कुळातलं. त्याचा घाव मुख्यतः ऐकण्यावर. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयाच्या उपचारात २०१३ मध्ये गेली. इंजेक्शनची गरज न ठेवणाऱ्या बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

आता माझ्या इंजेक्शनाकडे. १९४८ मध्येच फाउलर नावाच्या कानाच्या डॉक्टरने उलटा विचार केला. हे औषध तोलाच्या पेशी मारतं ना? मग ज्यांना त्या पेशीच छळतात त्यांना द्या! १९५० च्या दशकात शुकनेख्ट याने ते शरीरभर न देता फक्त आजारी कानात, पडद्यातून सोडलं. पुढे त्याची जागा जेंटामायसिनने घेतली. दुष्परिणाम हाच परिणाम.

चाकणला एका प्लँटमध्ये मेंटेनन्सला असलेल्या माझ्या शाळेतल्या मित्राला हे सांगितलं, तर त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, "अरे, मेलेला सेन्सर परवडतो. अधूनमधून खोटं रीडिंग देणारा सेन्सर लाइन बंद पाडतो. तो बायपासच करायचा." मेनिएरवर मी वाचलेल्या शंभरेक पानांत याहून नेमकं वाक्य नव्हतं. फक्त मशीनमध्ये बायपास केलं की झालं, माणसात त्यानंतर काम सुरू होतं. एक कान गप्प झाल्यावर काही आठवडे तोल जातो आणि मेंदूला दुसऱ्या कानावर, डोळ्यांवर, पायांवर नव्याने हिशेब बसवावा लागतो. त्यासाठीचे व्यायाम लंडनच्या कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात बसवले, डोक्याला मार लागलेल्यांसाठी आणि कानाची ऑपरेशनं झालेल्यांसाठी. आधी फक्त डोळे वर-खाली. मग मान. मग चेंडू या हातातून त्या हातात. मग जिना, आधी डोळे उघडून आणि नंतर मिटून. त्यांचा आग्रह असा की चक्कर येईल ती हालचाल टाळायची नाही, मुद्दाम करायची.

मी सध्या मान डावी-उजवी करत समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायचा सराव करतोय. इंजेक्शनाआधीच सुरू केलेलं बरं, असं डॉक्टरांचं म्हणणं. ऐकणं आणखी कमी होण्याचा धोका त्यांनी सांगितलाय, आणि दुसऱ्या कानात पुढे कधी मेनिएर आला तर तिकडे हा उपाय करायचा नाही हेही. दोन्ही कान गप्प झाले तर काय होतं ते जे. सी.ने लिहून ठेवलंच आहे. डाव्या कानासाठी मी होकार दिलाय. बाथरूममध्ये बेसिनशेजारी एक दांडी बसवून घेतली आहे, आणि रात्री पॅसेजमधला दिवा आता चालूच असतो.