चौथं पाप

आमच्या बेळगावकडं पाठशाळेत पाच पापं पाठ करून घेत. हिंसा, असत्य, चोरी, कुशील, परिग्रह. बाकीच्यांचा अर्थ गोष्ट सांगून समजावत, चौथ्यापाशी मात्र बाई घाईनं पुढं जायच्या. मी एकदा विचारलं. "मोठी झालीस की कळतंय," म्हणाल्या. लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी कुणी काही सांगितलं नाही.

र. धों. कर्व्यांविषयी वाचलं तेव्हा ती पाठशाळाच आठवली. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, आई राधाबाई बाळंतपणात गेली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. मग १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. मूल नको, हे त्यांनी आणि मालतीबाईंनी मिळून ठरवलेलं. (आज आपल्यात एखाद्या सुनेनं असं बोलून बघावं!)

मासिकाला वाचक पत्रानं प्रश्न विचारत, कर्वे सरळ उत्तर देत. शरीराची माहिती तर असेच, पण मूल हवं की नको हे बाईनं ठरवायचं, शरीरसुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क, हेही ते लिहीत. रूढी आहे म्हटलं की 'कशावरून?' असा त्यांचा सवाल. त्यांचं सगळंच मला पटत नाही. सुप्रजननाच्या त्या काळच्या कल्पना त्यांच्या लिखाणातही आहेत, आणि तिथं आपणच 'कशावरून?' विचारायला हवं.

१९३४ मध्ये या प्रश्नोत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. वाचक अडचण विचारतो, तर उत्तर का देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

पुढं २००७ साली शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणावरून गदारोळ उठला, तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही ते थांबवलं. सीमेवरून इतकी वर्षं भांडणाऱ्यांचं एवढ्या एका गोष्टीत एकमत!

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात मी रिकामा डबा ठेवला. नाव न घालता प्रश्न लिहा, म्हटलं. पहिली चिठ्ठी उघडली: 'नवऱ्याला नको म्हटलं तर चालतं काय?' सगळ्या गप्प. मागं बसलेल्या ऐंशीच्या आक्का म्हणाल्या, "वाचलीस न्हवं? आता उत्तर सांग की."