मायक्रोआरएनए आणि कर्करोग

मायक्रोआरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे अतिलघू आरएनए रेणू होत. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही; इतर जनुकांपासून कोणते प्रथिन किती प्रमाणात तयार व्हावे, याचे ते नियमन करतात. हे नियमन बिघडल्यास पेशींची अनिर्बंध वाढ होऊ शकते, तसेच अर्बुदातील पेशींना मूळ जागा सोडून दूरच्या अवयवांत जाण्याची क्षमता येऊ शकते. या रेणूंची ‘कर्करोगास साहाय्यक’ आणि ‘कर्करोगास प्रतिबंधक’ अशी विभागणी केली जाते. ती अभ्यासाला सोयीची असली तरी एकच रेणू परिस्थितीनुसार दोन्ही भूमिका बजावू शकतो.

शोध

व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीवर काम चालू असताना लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए सापडला. तो लिन-१४ या जनुकाच्या कार्याला आवर कसा घालतो, हे गॅरी रुव्हकुन यांच्या गटाच्या संशोधनातून उलगडले. दोन्ही शोधनिबंध १९९३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मात्र ही त्या कृमीचीच खासियत असावी, असे समजून त्यांकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. २००० मध्ये लेट-७ हा दुसरा रेणू मानवासह अनेक प्राण्यांत आढळला, तेव्हा विषयाचे महत्त्व ध्यानात आले. अँब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कार्यपद्धती

जनुकापासून प्रथम आरएनएचा लांब धागा तयार होतो व स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा आकार घेतो. केंद्रकात ड्रोशा आणि पेशीद्रवात डायसर ही विकरे त्याची छाटणी करतात. शेवटी उरलेली एक आखूड पट्टी आर्गोनॉट या प्रथिनात बसते आणि संदेशक आरएनएवर आपल्याशी जुळणारा भाग शोधते. जुळणी सात-आठ अक्षरांची असली तरी पुरते. त्यानंतर त्या संदेशकापासून होणारी प्रथिननिर्मिती मंदावते किंवा संदेशकच नष्ट होतो. येथे ‘बंद करणे’ यापेक्षा ‘आवर घालणे’ हा शब्दप्रयोग अधिक नेमका आहे, कारण एका प्रथिनाचे प्रमाण बहुधा थोडेसेच घटते. परंतु जुळणी इतकी तोकडी पुरत असल्याने एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर प्रभाव टाकू शकतो.

अर्बुदाची वाढ

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात अनेक रुग्णांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला रोखणारे एखादे प्रथिन-जनुक असणार, असे गृहीत धरून वर्षानुवर्षे शोध घेण्यात आला, पण ते सापडले नाही. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे व सहकाऱ्यांनी तेथे मिर-१५ए आणि मिर-१६-१ यांची जनुके असल्याचे दाखवले. कर्करोग आणि मायक्रोआरएनए यांचा संबंध प्रथम येथे जोडला गेला. हे दोन रेणू बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात, असे पुढे २००५ मध्ये दिसून आले. बीसीएल-२ पेशीचे नियोजित मरण टाळते. म्हणजे आवर सुटला की मरायला हवी ती पेशी जगत राहते.

लेट-७ हा रॅस या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांवर अंकुश ठेवतो, आणि फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत त्याचे प्रमाण घटलेले आढळते. मिर-२१ ची गोष्ट उलट आहे. अनेक अर्बुदांत तो वाढलेला असतो आणि पीटेनसारख्या संरक्षक प्रथिनांना दाबतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केवळ मिर-२१ चे प्रमाण वाढवल्याने उंदरांना लिम्फोमा झाला आणि ते पुन्हा उतरवताच गाठी विरल्या.

प्रसार

कर्करोगाने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंना मूळ गाठीपेक्षा तिचा इतर अवयवांतील प्रसार कारणीभूत असतो. ली मा व रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगात मिर-१०बी या प्रसाराला चालना देतो, असे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले.

मिर-२०० कुलाचे रेणू झेब-१ व झेब-२ या प्रथिनांना दाबून ठेवतात. त्यामुळे ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिन टिकून राहते. हे रेणू घटले की बंध सैल होतात आणि पेशी भटकू लागतात. म्हणून त्यांना प्रसाररोधक मानले गेले. परंतु भटकलेल्या पेशीला नव्या अवयवात वसती करायची, तर पुन्हा एकमेकींना धरून राहावे लागते. या टप्प्यावर तेच रेणू प्रसाराला मदत करतात, असे स्तनाच्या कर्करोगावरील २०११ च्या संशोधनात आढळले.

उपचाराचे प्रयत्न

मिर-३४ हा पी-५३ या प्रसिद्ध रक्षक प्रथिनाच्या आज्ञेत काम करतो. त्याची कृत्रिम प्रतिकृती मेदकणांत भरून रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. कर्करोगावर मायक्रोआरएनएच्या प्रतिकृतीने उपचार करण्याचा हा पहिलाच मानवी प्रयत्न होता. काही रुग्णांची अर्बुदे आक्रसलीही. मात्र काहींमध्ये प्रतिकारयंत्रणेची तीव्र प्रतिक्रिया उमटली, चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवण्यात आली.