नागपूरचा साग आणि घरातला कारखाना

नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या बेसाल्ट दगडाचा होता आणि लाकडी कोरीवकामाने मढवलेला होता, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. १८६४ साली तो जळाला. मोठे प्रवेशद्वार तेवढे उरले. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्रज सरकारने डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली वनखाते उभे केले. इकडे कारागिरांच्या पिढ्यांची मेहनत राख झाली आणि तिकडे त्यांच्या कच्च्या मालावर सरकारी मालकीचा शिक्का बसू लागला. कोरीवकामाची तारीफ करणाऱ्या त्या नोंदीत कारागिराचे नाव नाही. मोमीनपुऱ्यातल्या विणकरांचा शहराच्या इतिहासात उल्लेख तरी होतो, मिस्त्रीच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

१८६५ चा पहिला वनकायदा मोघम होता. १८७८ च्या कायद्याने मात्र राखीव जंगले पक्की केली. त्याआधीच, १८६७ मध्ये, नागपुरात रेल्वे आली होती. आलापल्लीचा साग तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातला, आज गडचिरोलीतला. कमलापूरचे हत्ती एकेकाळी तिथले लठ्ठे ओढत. बल्लारशाच्या आगारात लाकडाचे लिलाव होतात, पण तिथे माल लॉटने विकला जातो. घराच्या ओसरीत रंधा चालवणारा माणूस लॉट कुठून घेणार? तो लकडगंजमध्ये जातो, आरामशीनवर चिरलेली फळी उलटसुलट करून पाहतो आणि व्यापारी सांगेल तो भाव देतो.

आता शहरात अख्ख्या फळीच्या टेबलांची हौस आली आहे. झाडाची कड तशीच वेडीवाकडी ठेवायची आणि लाकूड शक्यतो अक्रोडाचे घ्यायचे. अक्रोड म्हटले की काश्मीर आणि सुलतान जैनुल आबिदीन आठवतात. पंधराव्या शतकातल्या या सुलतानाने बाहेरून कसबी माणसे आणून तिथे हुन्नर रुजवला, असे परंपरा सांगते. पण काश्मीरमध्ये १९६९ च्या कायद्यानुसार अक्रोडाचे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. मग परदेशातून आलेला अक्रोड मागवला जातो. साग दाराशी असताना हा खटाटोप मला तरी पटत नाही.

सागाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कडेचे पांढरे लाकूड कच्चे असते, त्याला कीड लागते. जुने उस्ताद शागिर्दाला पहिल्यांदा हीच कड छाटायला लावत. आज ग्राहक नेमकी तीच मागतो! मधले पक्के लाकूड तेलकट असते, म्हणून सरस किंवा गोंद लावण्याआधी ते स्पिरिटने पुसावे लागते. त्यात वाळूसारखा कण असतो, त्यामुळे पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून वाळवायची. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना हिशेब. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जुलैत हवा ओलीचिंब होते. लाकूड आडवे आकसते, मग फुगते. म्हणून टेबलाची फळी खाली घट्ट जखडायची नसते. स्क्रूची भोके लांबट ठेवायची, म्हणजे ती सरकू शकते. भेग पडलीच, तर डमरूच्या आकाराचा तुकडा आडवा बसवून तिला तिथेच थांबवतात.

शेवटचा हात फिरवायचे सामानही इथलेच. लाख पळस-कुसुमाच्या झाडावरची, तिचा व्यापार गोंदियाकडचा. ती स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवत जायचे. झळाळी अशी येते की तोंड दिसावे. पण त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरे कडे उमटते. रोजच्या वापराला जवसाचे तेल बरे, आणि विदर्भाला जवस काही नवे नाही. तेलाचा बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तो आतल्या आत तापतो आणि आपोआप पेटतो. लाकडाचा भुसा पसरलेल्या घरात एवढे पुरेसे आहे.

या कारखान्यांना खरा धक्का कशाने बसला? प्लायवूड आणि सनमायकाने, असे सारेच सांगतात. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. ४ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात महाराष्ट्रातील विनापरवाना आरागिरण्या तात्काळ बंद करण्याचा आदेश दिला. जंगलासाठी तो आवश्यकच होता. पण परवाने मोजके राहिले आणि लहान मिस्त्री मोजक्याच दारांवर अवलंबून झाला. जंगलावर हक्क सांगणाऱ्या आदिवासींच्या गावांना पुढे २००६ च्या कायद्याने काही दाद मिळाली. शहरातल्या लाकूडकामगाराचा विचार कोणी केला नाही.

२८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. कुठला माल कुठून आला, याची यादी वर्तमानपत्रांत आली. तांबडा-पांढरा दगड राजस्थानातल्या सरमथुऱ्याचा, गालिचे मिर्झापूरचे, सागवान नागपूरचे. आणि फर्निचर? ते मुंबईत घडले.