रोजच्या गाडीसाठी कॅमशाफ्ट बदलताय? आधी हे पाहा

इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचे, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात.

मोठा कॅम म्हणजे जास्त ताकद?
फक्त जास्त आरपीएमवर. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले की कमी आरपीएमवरचा टॉर्क घटतो. शहरात गाडी बहुतेक वेळ कमी आरपीएमवरच चालते. त्यामुळे सिग्नलवरून निघताना ती आधीपेक्षा मंद वाटू शकते. याच अडचणीवर होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक आणलं. त्यात कमी आणि जास्त आरपीएमसाठी वेगवेगळे उंचवटे असतात.

धोका कुठे?
बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. मोठ्या कॅममुळे आयडलिंगला व्हॅक्यूम कमी पडतो आणि ब्रेक पेडल जड होतं. न जळलेलं पेट्रोल धुरावाटे बाहेर पडल्याने पीयूसी चाचणीतही गाडी अडकू शकते.

निवडताना काय तपासावं?
- कॅम कोणत्या आरपीएमसाठी बनवला आहे?
- व्हॉल्व्ह जास्त उघडल्यावर पिस्टनला आपटणार नाहीत ना?
- नवे व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ईसीयू ट्यूनिंगचा खर्च धरला आहे का?

दोन कॅममध्ये निवड अडली, तर रोजच्या गाडीसाठी लहान कॅम घेणं शहाणपणाचं.