न्यूयॉर्कचे दार आणि बडोद्याचे दार



विहाराच्या वर्धापनदिनी आपण बाबासाहेबांच्या चळवळीविषयी पुष्कळ ऐकतो. या खेपेला त्यांच्या विद्यार्थीदशेविषयी लिहावे असे आम्हाला वाटले. कारण आपल्या कात्रजमधली पोरं-पोरी आता "परदेशात शिकायला जाऊ का?" म्हणून विचारू लागली आहेत, आणि घरातली थोरली माणसं गप्प बसतात.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी वडील रामजीबाबा वारले होते. घरी माता रमाई, आणि यशवंत तर वर्षाचाही नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली होती. त्यातूनच पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठवायचे.

कोलंबिया विद्यापीठात त्यांना कुणी जात विचारली नाही. वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र भेटला आणि तो जन्मभराचा झाला. सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. तिथे त्यांनी किती विषय घेतले पहा : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. एकूण ६०! १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातिसंस्थेवर त्यांनी निबंध वाचला. ज्या देशात जातीचा चटका नव्हता, तिथे बसून त्यांनी जातीचेच मूळ शोधले. सुखात राहून ते आपल्याला विसरले नाहीत, हे ध्यानात घ्या.

मग लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई लांबूनच कागद टाकायचे. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन माणसे अंगावर आली. न्यूयॉर्कने दार उघडले होते, आपल्याच देशाने लावून घेतले. दुसरा कुणी खचला असता. बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि त्याच भथेनांनी दिलेले कर्ज, यावर अभ्यास पुरा केला. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. पुढे ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली.

आज आपल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि समाजकल्याण आयुक्तालय तर आपल्या पुण्यातच आहे. नीट चौकशी तिथेच करा. "परदेशी धाडतो" म्हणून पैसे मागणारे कुणी भेटले, तर ते कात्रजचा घाट दाखवतील एवढे ओळखा!

आईबापांनो, पोरगी जाते म्हणाली तर अडवू नका. रमाईंनी हालअपेष्टा सोसल्या, म्हणून बाबासाहेब शिकू शकले. आणि जाणाऱ्यांनो, तिकडे मान मिळेल, सुख मिळेल. पण भथेनांसारखे मित्र जोडा, शिका, आणि या विहाराची वाट विसरू नका.

जयभीम! जय भारत!