कादंबरी, नाटक आणि प्रयोगाचा हक्क

लोकप्रिय कादंबरी रंगभूमीवर आणावयाची झाली म्हणजे कथानकाची मांडणी, प्रवेशांची वाटणी आणि संवादांची भाषा हे प्रश्न नाटककारापुढे उभे राहतात. व्यवहारात मात्र त्यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : त्या कादंबरीचे नाटक करण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न वकिलांचा, वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याचे काय, असे समजून तो बहुधा बाजूस सारला जातो. तथापि मराठीत कादंबऱ्यांवरून जी नाटके झाली ती कोणी लिहिली, व त्यांतील पुष्कळ नाटके मूळ कादंबरीकारानेच का लिहिली, हे समजून घेण्यास या अधिकाराचा इतिहास उपयोगी पडतो. तो इतिहास मराठीत सुरू होत नाही. म्हणून प्रथम थोडे मागे व दूर जावे लागते.

चार्ल्स डिकन्सची 'निकोलस निकल्बी' ही कादंबरी १८३८-३९ मध्ये मासिक भागांनी प्रसिद्ध होत होती. ती पुरी होण्यापूर्वीच तिच्यावरून रचलेली नाटके लंडनच्या रंगभूमीवर आली. डिकन्सने त्याच कादंबरीच्या पुढील भागात असल्या नाटककाराची टर उडविली. त्याहून अधिक काही करणे त्याला शक्य नव्हते. १८४२ च्या इंग्रजी कायद्याने कादंबरी छापण्याचा एकाधिकार ग्रंथकारास दिला, परंतु तिच्यावरून नाटक रचून त्याचा प्रयोग करणे हा त्या अधिकाराचा भंग ठरत नसे. चार्ल्स रीड या कादंबरीकाराने कॉन्क्वेस्ट या नाट्यव्यवस्थापकाविरुद्ध लढविलेल्या खटल्यात १८६१ मध्ये न्यायालयाने हेच सांगितले. मात्र रीडने ती कादंबरी स्वतःच्याच एका आधीच्या नाटकावरून लिहिली होती. पुढील वर्षी त्या नाटकाच्या आधारे त्याने दावा लावला, तेव्हा निकाल त्याच्या बाजूने लागला. कादंबरीकार म्हणून जो हरला तोच नाटककार म्हणून जिंकला.

या निकालाचा बोध लेखकांनी चटकन घेतला. 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' या कादंबरीवरून सीबोम नावाच्या गृहस्थाने केलेल्या नाटकाविरुद्ध १८८८ मध्ये दावा झाला. कादंबरीतील मोठमोठे उतारे नाटकाच्या संहितेच्या प्रतींमध्ये उतरवून घेणे ही नक्कलच होय, असे न्यायालयाने त्या वेळी ठरविले. प्रयोगावर बंदी आणता येत नव्हती, ती अशा रीतीने प्रतींवर आणली गेली. ब्रॅम स्टोकरने तर 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध होण्याच्या काही दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, लंडनच्या लायसियम नाट्यगृहात तिच्या नाट्यरूपाचे जाहीर वाचन घडवून आणले. त्याचा हेतू प्रेक्षकांची करमणूक हा नव्हता. नाटकाचा हक्क आपल्या नावे नोंदला जावा, एवढ्यासाठीच तो खटाटोप होता. अखेर १९११ च्या कायद्याने कादंबरीचे नाटकात रूपांतर करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत ग्रंथकाराच्या स्वामित्वात घातला.

हिंदुस्थानात १८४७ च्या विसाव्या कायद्याने ग्रंथकारास ४२ वर्षे, किंवा हयातभर आणि मृत्यूनंतर ७ वर्षे, असा हक्क दिला होता. त्याचा रोख पुस्तकाच्या छपाईकडे व विक्रीकडे होता. १९१४ च्या कायद्याने इंग्लंडचा १९११ चा कायदा काही फेरफार करून येथे लागू केला, आणि नाट्यरूपांतराचा अधिकार मराठी कादंबरीकाराच्याही हाती आला. त्या फेरफारांपैकी एक भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार प्रसिद्धीपासून केवळ १० वर्षे टिके. त्या मुदतीत ग्रंथकाराने एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले, तर त्या भाषेपुरता तो पुढेही राही. नाट्यरूपांतराला अशी दहा वर्षांची मर्यादा नव्हती. तो अधिकार लेखकाच्या हयातीत व नंतर ५० वर्षे राहत असे. म्हणजे मराठी कादंबरीचे कानडीत भाषांतर करावयाचे तर दहा वर्षे थांबणे पुरेसे होते, पण तिचे मराठीतच नाटक करावयाचे तर दोन पिढ्या थांबावे लागे.

या कायद्याला भूगोलाचीही मर्यादा होती. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तो सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१४ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. स्वतःच्या बळावर त्याचा अंमल संस्थानी मुलखात चालत नसे. पुण्यात छापलेली कादंबरी डोंगरकड्यास वाचली गेली तर भाषा तीच, वाचक तसाच मराठी. परंतु कादंबरीकाराचा जो अधिकार पुण्यातील नाटकमंडळीस बांधून ठेवी, तो त्याच कायद्याच्या आधारे येथे सांगता येत नव्हता. भाषेचा प्रदेश आणि कायद्याचा प्रदेश यांतील हे अंतर पुढे मिटले. २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आलेल्या १९५७ च्या कायद्याने स्वतंत्र भारताचा स्वतःचा स्वामित्व-कायदा निर्माण केला, आणि पुणे व डोंगरकडा एकाच नियमाखाली आली.

१९५७ च्या कायद्यात 'रूपांतर' या संज्ञेची व्याख्या दिली आहे. प्रयोगाद्वारे किंवा अन्य मार्गाने वाङ्मयकृतीचे नाट्यकृतीत परिवर्तन करणे, हा तीत स्पष्टपणे समाविष्ट केलेला एक अर्थ होय. मराठी नाट्यव्यवहारात मात्र हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. 'ऑथेल्लो'वरून देवलांनी केलेले 'झुंझारराव' हेही रूपांतर, आणि कादंबरीवरून केलेले नाटक हेही रूपांतर. पहिल्यात भाषा व परिसर बदलतात, नाट्यप्रकार तोच राहतो. दुसऱ्यात भाषा तीच राहते आणि वाङ्मयप्रकार बदलतो. कायदा भाषांतर व रूपांतर हे दोन निराळे अधिकार मानतो. म्हणून 'रूपांतराची परवानगी मिळाली' एवढ्या मोघम वाक्यावर विसंबून चालत नाही. कोणते रूपांतर, हे सांगावे लागते.

मग या अधिकाराने नेमके काय राखले जाते? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्थानी' या नाटकासंबंधीच्या खटल्यात याचे उत्तर दिले. 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला आहे, असा त्यांचा दावा होता; तो मान्य झाला नाही. कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक वा पौराणिक तथ्ये यांवर कोणाचे स्वामित्व नसते. स्वामित्व असते ते त्यांच्या अभिव्यक्तीवर, म्हणजे मांडणी, रचना व शब्दयोजना यांवर, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गिरीश कार्नाड यांचे त्याच नावाचे कानडी नाटक १९६१ मध्ये. महाभारतातील राजा दोघांनाही सारखाच मोकळा होता. नुसत्या शीर्षकावरही हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या नावाच्या प्रकरणात म्हटले. विश्वास पाटील यांनी आपल्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीवरून लिहिलेल्या नाटकाचे नाव 'रणांगण' आहे, आणि विश्राम बेडेकरांच्या १९३९ च्या कादंबरीचेही तेच. दोहोंत नावापलीकडे संबंध नाही.

या तत्त्वाच्या प्रकाशात मराठीतील परंपरा पाहिली म्हणजे तिचा एक विशेष ठळकपणे दिसतो. श्री. ना. पेंडसे यांनी 'गारंबीचा बापू' (१९५२) या आपल्या कादंबरीचे नाटक स्वतःच केले व त्यात काशिनाथ घाणेकरांची भूमिका गाजली. 'हद्दपार' (१९५०) मधील राजेमास्तरांना त्यांनी स्वतःच नाटकात आणले. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' (१९६७) व 'छावा' यांची नाट्यरूपे सिद्ध केली. जयवंत दळवी यांनी 'अंधाराच्या पारंब्या'वरून 'बॅरिस्टर' लिहिले. ही मालिका केवळ कायद्यामुळे घडली असे म्हणणे धाडसाचे होईल. लेखकाची नाट्यरचनेची हौस हेही कारण आहेच. परंतु गारंबीची कथा सांगून होण्याजोगी असली, तरी तिच्यातील माणसांची कोकणी वळणाची बोली पेंडशांच्या लेखणीतून उतरली आहे. ती वगळली तर कथासूत्र तेवढे उरते, आणि ते तर कोणाच्याच मालकीचे नाही. जे विकत घ्यावयाचे ते म्हणजे मुख्यतः ही भाषा व ही मांडणी. आणि ती ज्याची, त्यानेच नाटक लिहिले म्हणजे परवानगी मागण्याचा प्रश्नच उरत नाही. स्टोकरने एका दिवसाच्या वाचनाने जे साधले, ते मराठी कादंबरीकाराने पूर्ण नाटक लिहून साधले.

दुसरा मार्गही मराठीने अनुसरला आहे. दळवींच्याच 'महानंदा' या कादंबरीवरून शं. ना. नवरे यांनी 'गुंतता हृदय हे' हे नाटक लिहिले. अशा नाटकावर स्वामित्वाचे दोन थर बसतात : खालचा कादंबरीचा, वरचा नाट्यरूपाचा. लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत १९९२ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरून ६० वर्षे झाली, व ती मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. दळवी १९९४ मध्ये निवर्तले, नवरे २०१३ मध्ये. म्हणून खालचा थर २०५४ अखेर सुटेल, वरचा २०७३ अखेर. उलटपक्षी, १९१९ मध्ये निवर्तलेल्या हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या १९७० च्या आरंभी मोकळ्या झाल्या. साने गुरुजींचा मृत्यू १९५० चा. नव्या दुरुस्तीमुळे 'श्यामची आई' २००१ ऐवजी २०११ च्या आरंभी सर्वांची झाली. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'साठी मात्र २०२९ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.

परवानगी मिळविण्याची रीतही कायद्याने हळूहळू आखून दिली. स्वामित्वाचे हस्तांतर लेखी व सहीनिशी झालेले असावे लागते; शब्दावर झालेला व्यवहार मित्रांत शोभतो, न्यायालयात टिकत नाही. १९९४ च्या दुरुस्तीनुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. हक्क घेऊन वर्षभरात त्याचा वापर केला नाही, आणि करारात वेगळे ठरलेले नसेल, तर तो परत लेखकाकडे जातो. लोकप्रिय कादंबरीचे हक्क घेऊन ती अडवून ठेवणाऱ्या निर्मात्यापासून लेखकाचे रक्षण करणारा हा नियम आहे. शिवाय हक्क दिल्यानंतरही लेखकाचे कृतीशी असलेले नाते तुटत नाही. 'आपका बंटी' या कादंबरीवरून झालेल्या चित्रपटात विपर्यास केल्याची मन्नू भंडारी यांची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा १९८६ मध्ये न्यायालयाने लेखकाचा हा विशेष अधिकार करारापलीकडचा मानला.

आता पुन्हा डोंगरकड्याकडे वळावे. गावातील हौशी मंडळींनी एखादी कादंबरी नाट्यरूपाने सादर करावयाचे ठरविले तर कायदा त्यांना अगदीच अडवीत नाही. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांपुढे, किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोग स्वामित्वाचा भंग ठरत नाही. ही सवलत रूपांतरित कृतीच्या प्रयोगालाही लागू आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा जत्रेत मोफत होणाऱ्या नाटकाचा मार्ग असा खुला आहे. परंतु अन्य कारणासाठी तिकीट लावले, किंवा ती संहिता छापून विकली, की लेखकाच्या वा त्याच्या वारसांच्या लेखी परवानगीची गरज उत्पन्न होते. ही सीमारेषा ठाऊक नसल्यास दोन चुका संभवतात : काही मंडळी भीतीपोटी जे करण्यास मोकळी आहेत तेही करीत नाहीत, आणि काही जण गाव लहान म्हणून कोण विचारतो, असे मानून लेखकाचा मोबदला बुडवितात.

१८३९ मध्ये डिकन्सला आपल्या कथेच्या अपहरणावर उपहासाखेरीज दुसरे शस्त्र नव्हते. आज मराठी कादंबरीकाराच्या हाती पुरेसा अधिकार आहे, आणि तोच अधिकार डोंगरकड्याच्या रंगमंचाला मोफत प्रयोगापुरती वाटही सोडतो. कथा सर्वांची आणि शब्द लेखकाचे, हा या दीर्घ इतिहासाचा निष्कर्ष होय. कादंबरीवरून झालेल्या नाटकाचा अभ्यास करणाऱ्याने त्यातील कोणते शब्द कोणाचे व ते कोणत्या परवानगीने रंगमंचावर आले, हेही तपासले, तर संहितेच्या अभ्यासाला व्यवहाराची जोड मिळेल.