इओसेपा : पंधरा वर्षांच्या मिशनऱ्याची शाळा

मंडळी, मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिकवणारा माणूस येतो. आज आम्ही ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो मिशनरी पंधरा वर्षांचा आहे. त्याला परदेशात शिकवायला धाडलं, पण तिथे शिक्षण झालं ते त्याचं. ते कोणी केलं, हा आजचा प्रश्न.

जोसेफ एफ. स्मिथ, जन्म १८३८. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे त्याचे सख्खे काका. १८४४ साली इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने काका आणि वडील हायरम, दोघांनाही गोळ्या घालून ठार केलं. पोर तेव्हा साडेपाच वर्षांचं. आईने मुलांना युटाच्या ओसाड मुलखात आणलं, आणि १८५२ मध्ये तीही गेली. पोरगा तापट निघाला. धाकट्या बहिणीला मारायला निघालेल्या मास्तरांशी तो भिडला आणि शाळा सुटली. पुढे एप्रिल १८५४च्या अधिवेशनात त्याचं नाव पुकारलं गेलं. जायचं कुठे, तर हवाई बेटांवर!

आता बघा, आज या पंथाचा अठरा वर्षांचा मुलगा मिशनवर निघतो तेव्हा आधी प्रोव्होसारख्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे राहतो. भाषेचे वर्ग, ठरलेली दिनचर्या, सतत बरोबर एक जोडीदार. २०१९ पासून आठवड्यातून एकदा घरी बोलण्याचीही मुभा आहे. आमच्या या पोराला यातलं काही नव्हतं. कॅलिफोर्नियात मजुरी करून त्याने बोटीचं भाडं जमवलं आणि सप्टेंबर १८५४ मध्ये तो होनोलुलूला उतरला.

त्याला आशीर्वाद मिळाला होता की भाषा ईश्वरी कृपेने येईल आणि अभ्यासानेही येईल. त्यातलं दुसरं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. माउई बेटावर, हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर कुला नावाचा भाग आहे. तिथे तो हवाईयन कुटुंबांत राहिला. खायला पोई, म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा कंद शिजवून, कुटून केलेलं पिठूळ अन्न. त्यांच्या भाषेत ‘ज’ नाही, म्हणून जोसेफचा झाला इओसेपा. सुमारे शंभर दिवसांत तो त्या भाषेत प्रार्थना आणि प्रवचन करू लागला, असं पुढे तो सांगत असे. सुरुवातीला तिथली घरं, तिथल्या सवयी त्याला अजिबात रुचल्या नव्हत्या. पण भूक लागली की मागावं लागतं, आणि मागायचं तर ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच भाषेत. आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना ज्ञान डोक्यात शोधायची खोड असते. इथे ते पोटातून आलं.

तो तापाने आजारी पडला तेव्हा एका हवाईयन स्त्रीने त्याला घरात घेतलं, आईसारखी शुश्रूषा केली. आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, देवीच्या साथीने या बेटांवर हजारो माणसं दगावली होती. रोग परक्या बोटीतून येतात हे त्या लोकांनी भोगलेलं होतं. तरीही एका परक्या, तापलेल्या पोराला दार उघडलं गेलं! पुढे लानाई बेटावर लागलेल्या आगीत त्याची पेटी, पुस्तकं, रोजनिशी सगळं जळालं. १८५८ मध्ये तो घरी परतला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

त्याच काळात आपल्याकडेही या पंथाचा ह्यू फिंडले आला होता. १८५२ मध्ये मुंबईत, मग पुण्यात. तोही मराठी शिकला. त्याच्याभोवती जमली ती मात्र मोजकी माणसं, आणि तीही बहुतेक युरोपीय. भाषा अभ्यासाने येते, पण घरात घेणारं कोणी लागतं, ते त्याला इथे फारसं मिळालं नाही.

१९०१ मध्ये इओसेपा चर्चचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष म्हणून तो होनोलुलूला गेला, तेव्हा धक्क्यावर एक आंधळी म्हातारी निवडक केळी घेऊन त्याच्या नावाने हाका मारत आली. तो ‘मामा’ म्हणत धावला आणि त्याने तिला मिठी मारली. सोबतच्या बिशपने हे नोंदवून ठेवलं आहे.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण इतिहास पुढे जातो. हवाईयन मॉर्मन युटात येऊ लागले तेव्हा सॉल्ट लेक शहरातल्या गोऱ्यांना हे शेजारी नकोसे झाले. १८८९ मध्ये चर्चने त्यांना शहरापासून दूर, स्कल व्हॅलीच्या रखरखीत जमिनीवर वसवलं. वस्तीला नाव दिलं इओसेपा! बेटांवरच्या या माणसांनी तिथे कडाक्याची थंडी सोसली, शेती केली, मुलं पुरली. १९१५ मध्ये हवाईतल्या लाइए इथे मंदिर बांधायचं जाहीर झालं, लोक परत निघाले आणि १९१७ पर्यंत वस्ती रिकामी झाली. दफनभूमी अजून आहे.

तेव्हा मंडळी, एक मुलगा परक्यांच्या घरात राहून जे शिकला, ते त्याच्या समाजाला शिकता आलं का? त्याला घरात घेतलं गेलं होतं. त्यांना वेशीबाहेर जमीन मिळाली, आणि तिला नाव त्याचं.